जुन्या जीपचा भाव कोणी ठरवायचा?

येवल्यात पैठणी घ्यायला आलेले जाणते गिऱ्हाईक पदरावरच्या मोराकडे फार वेळ पाहत बसत नाही. ते पदर उलटून पाहते. हातमागावर छोट्या कांड्यांनी विणलेली नक्षी दोन्ही अंगांनी जवळजवळ सारखी उतरते; यंत्रावर काढलेल्या नकलेच्या पाठीमागे मात्र लोंबते, कातरलेले धागे सापडतात. सतराव्या शतकात रघोजी नाईकांनी विणकर आणून वसवले अशी ज्या गावाची परंपरा आहे, त्या गावाला वस्तूची किंमत सुलट बाजूवर ठरत नाही हे वेगळे शिकवावे लागत नाही.

त्याच गावाच्या शिवारात एखादी जुनी जीप विकायला निघाली की हे शहाणपण कुठल्या कुठे जाते. मग भाव दोनच. एक भंगाराचा, किलोवर ठरणारा. दुसरा नव्या हिरव्या रंगाचा, चकाकीवर ठरणारा. पहिल्यात विकणारा नागवला जातो, दुसऱ्यात घेणारा. आणि दोन्ही व्यवहारांत त्या वाहनाने अंगावर वागवलेला इतिहास नाहीसा होतो.

जीपच का, असा प्रश्न पडू शकतो. जुन्या मोटारींच्या मोलाची चर्चा जगभर बहुधा अमेरिकेच्या ‘मसल कार’भोवती फिरते. मध्यम आकाराच्या गाडीत अवाढव्य इंजिन बसवायचे आणि ती तरुणांना परवडेल अशा किमतीत विकायची, ही कल्पना १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओने रूढ केली. विम्याचे चढते दर, धुराविषयीचे नवे कायदे आणि १९७३ चे तेलसंकट यांनी ती दशकभरातच निकालात काढली. भारतात त्या काळी मोटारींची आयात जवळजवळ बंद होती, आणि देशी मोटारीसाठीही लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. येवला, मनमाड, कोपरगाव या टापूत ताकदीचे वाहन म्हणजे जीपच. साखर कारखान्याचा शेतकी अधिकारी तिच्यातून उसाच्या फडावर जाई, १९७२ च्या दुष्काळात कामांची पाहणी तिच्यातूनच होई, निवडणुकीचा कर्णा तिच्याच टपावर बांधला जाई. पुढे काळ्या-पिवळ्या रंगात तिनेच प्रवासी कोंबून वाहिले.

भूगोलाचाही यात वाटा आहे. येवल्याच्या एका अंगाला देवळालीचे तोफखान्याचे ठाणे, दुसऱ्या अंगाला अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) चिलखती दलाचे केंद्र. लष्कराने निकालात काढलेली वाहने लिलावातून नागरी हाती जाण्याची प्रथा जुनीच आहे. म्हणून या भागात उतरत्या पडवीखाली उभी असलेली जीप नेमकी कोणत्या घराण्यातली, हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. ती दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन विलीज असू शकते, त्याच नकाशावर फोर्डने बनवलेली असू शकते, मुंबईत महिंद्राने जोडलेली असू शकते, किंवा जबलपूरच्या कारखान्यातली जोंगा असू शकते. (सुमारे चार लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन असलेली ही जोंगा म्हणजे भारतीय रस्त्यावरची मसल कारची सर्वांत जवळची नातेवाईक. तिची पेट्रोलची भूक मात्र अशी, की नागरी मालकांपैकी अनेकांनी मूळ इंजिन उतरवून डिझेलचे बसवले.)

जुन्या जीपची अवस्था न पाहता भाव ठरवला तर काय होते, याचे उदाहरण स्वतंत्र भारताच्या अगदी आरंभीच मिळते. १९४८ मध्ये काश्मीरचे युद्ध चालू होते आणि सैन्याला जीपा तातडीने हव्या होत्या. लंडनमधील भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून तेथील एका परदेशी पेढीशी करार केला. दुरुस्त केलेल्या २००० जुन्या जीपा, एकूण सुमारे ८० लाख रुपये. म्हणजे नगामागे ४००० रुपये. कागदावर हा भाव स्वस्तच दिसत होता. प्रत्यक्षात मद्रासच्या बंदरात १५५ जीपा उतरल्या आणि त्या वापरण्याजोग्या नाहीत असे आढळले. संसदेच्या लोकलेखा समितीने ताशेरे ओढले, सभागृहात वादळ उठले. अखेर ३० सप्टेंबर १९५५ रोजी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी सरकारच्या दृष्टीने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. पुढल्याच वर्षी मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले.

या प्रकरणाची चर्चा नेहमी भ्रष्टाचार की घाई, एवढ्याच प्रश्नाभोवती होते. मोटारीच्या इतिहासाच्या दृष्टीने मुद्दा अधिक साधा आहे. ‘दुरुस्त केलेली’ या शब्दाला किंमत दिली गेली, गाडीला नव्हे. आजही येवल्यापासून मुंबईपर्यंत जुन्या जीपांच्या व्यवहारात याच शब्दाचे पैसे मोजले जातात. फक्त आता त्याला ‘रिस्टोअर्ड’ म्हणतात.

मग पाहायचे काय? पैठणीप्रमाणेच, उलट बाजू. जीपचा पत्रा सर्वांत शेवटी पाहावा, कारण तो सर्वांत सहज बदलता येतो. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव जुन्या भागांतून जीपा नव्याने उभ्या करण्यासाठी देशभर ठाऊक आहे. तिथल्या कारागिरांच्या हातात कसब आहे, त्यात शंका नाही. पण नवा सांगाडा जुन्या नावाने विकला गेला की तो इतिहास राहत नाही. लोहचुंबक सोबत असला की पुट्टी कुठे थापली आहे ते क्षणात कळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडीखाली आडवे होऊन पाहणे. युद्धकाळातल्या जीपच्या तळपत्र्याला खालून आधार देणाऱ्या पन्हळींत लाकडाचे ठोकळे भरलेले असत. त्या लाकडाने ओल धरली आणि पत्रा आतून खाल्ला. वरून तळ धडधाकट दिसतो, खालून बोट आरपार जाते. त्यानंतर चेसिस. पाट्यांच्या कड्या जिथे बसतात ती जागा, मागची आडवी पट्टी, आणि कुठे नव्याने वेल्डिंग केले आहे का ते. इंजिन बिघडले तर दुरुस्त होते. चेसिस गेली तर उरतो तो नुसता आठवणींचा पत्रा.

घराणे ओळखण्याच्या खुणाही खालीच दडलेल्या असतात. विलीजने १९४१ ते १९४५ या काळात साडेतीन लाखांहून अधिक एमबी जीपा बनवल्या, फोर्डने पावणेतीन लाखांच्या आसपास जीपीडब्ल्यू. बाहेरून दोघी जुळ्या बहिणी. परंतु चेसिसची पुढची आडवी पट्टी विलीजमध्ये गोल नळीची आहे, फोर्डमध्ये उलट्या ‘यू’ आकाराची. फोर्डने आपल्या असंख्य सुट्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरही, इंग्रजी ‘एफ’ अक्षर ठोकले होते. या दोघींना पुढल्या जाळीत नऊ फटी असतात. नंतरच्या नागरी सीजे जीपांना सात. युद्धकाळातल्या अमेरिकन जीपचे सुकाणू डावीकडे. तिचे पुढचे दिवे जाळीच्या आत बसलेले आणि उलटे वळवून इंजिनावर उजेड पाडता येईल असे. मागे उघडणारी फळी तिला नसे. महिंद्राने दीर्घकाळ बनवलेली सीजे-३बी उंच बॉनेटची, कारण आतले ‘हरिकेन’ इंजिन उंच होते. या उंच बॉनेटच्या जीपवर खुजे बॉनेट आणि नऊ फटींची जाळी चढवली की हौशी बाजारात तिची ‘विलीज’ होते. ‘लो-बॉनेट’ या शब्दाला जो चढा भाव मिळतो, त्यातला बराचसा अशा कापाकापीचा आहे.

इथे मसल कारच्या जगातून उसनी आणलेली एक फूटपट्टी फार गोंधळ घालते. तिला तिकडे ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणतात. इंजिनावरचा क्रमांक आणि गाडीचा क्रमांक एकाच जन्माचे निघाले तर किंमत कितीतरी वाढते. डेट्रॉईटच्या गाड्यांना ही कसोटी बऱ्याच अंशी लागू पडते, जरी तिथेही ती पुरेशी नाही. १९६४ आणि १९६५ ची जीटीओ ही स्वतंत्र गाडी नसून दुसऱ्या मॉडेलवर मिळणारा वाढीव पर्याय होती. त्यामुळे गाडीच्या क्रमांकावरून ती खरी जीटीओ की मागाहून नटवलेली, हे कळतच नाही. त्यासाठी कारखान्याची जुनी बिले शोधावी लागतात. जीपच्या बाबतीत तर ही कसोटी उलटीही पडते. फोर्डने इंजिन आणि चेसिस यांना एकच क्रमांक दिला होता, विलीजने दिला नव्हता. म्हणजे दोन्ही क्रमांक तंतोतंत जुळणारी ‘विलीज’ कोणी दाखवली, तर आनंदाने उडी मारण्याऐवजी क्रमांक कोणी आणि केव्हा ठोकले याची चौकशी करावी. त्यात युद्धभूमीवरच्या लष्करी कार्यशाळांनी हाती लागेल ते इंजिन हाती लागेल त्या गाडीत बसवले. फोर्डच्या चेसिसवर विलीजचे इंजिन, हा दोष नव्हे. ते कदाचित आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचे चरित्र असेल. गेल्या वर्षी बसवलेले अनोळखी डिझेल इंजिन मात्र चरित्र नव्हे. ती सोय आहे, आणि तिचा भाव सोयीइतकाच.

कारखान्याच्या पत्र्याच्या पाट्यांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. युद्धकालीन जीपच्या समोरच्या कप्प्याच्या झाकणावर तीन पाट्या असत आणि त्यांत सैन्याला सुपूर्द केल्याची तारीखही असे. हुबेहूब नव्या पाट्या आज जगभर विकत मिळतात. रिव्हेटची टोके चकचकीत आणि पाटी मात्र जीर्ण, असा विजोड संसार दिसला की समजून जावे.

पत्र्याहून कागद बोलका असतो. महाराष्ट्रातील १९८९ पूर्वीच्या वाहनक्रमांकांत ‘एमएच’ ही अक्षरे नव्हती. नाशिकचे ‘एमएच १५’ त्यानंतरचे. जुन्या मालिकेतला क्रमांक, त्याच क्रमांकाचे फाटके आरसी बुक, लष्करी लिलावाची पावती, पेट्रोलवरून डिझेलवर गेल्याची रीतसर नोंद हे सारे एकत्र असेल तर तीच त्या गाडीची खरी वंशावळ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याच्या मूळ स्वरूपात मनमानी फेरफार चालत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठणकावले आहे. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००. अशा वाहनाचा व्यापारी वापर करता येत नाही. या नियमातला खरा शब्द ‘मूळ स्वरूप’ हा आहे. ज्या जीपचे चेसिस, सांगाडा आणि इंजिन ओळखू न येण्याइतके बदलले, तिने हा दरवाजा स्वतःच बंद करून घेतला.

आता हिशेब. जुन्या वाहनाची किंमत ‘लावलेला खर्च अधिक नफा’ अशी वर चढत जात नाही. ती वरून खाली उतरते. समजा, उत्तम अवस्थेतली, कागदपत्रे पूर्ण असलेली तशीच जीप १० लाखांना जाते. (आकडे केवळ रीत दाखवण्यापुरते, बाजारभाव म्हणून वाचू नयेत.) समोरच्या जीपचे इंजिन, गिअरबॉक्स, तळपत्रा, वायरिंग आणि टायर मिळून साडेचार लाखांचे काम दिसते. जुन्या गाडीत न दिसणारे काम दिसणाऱ्या कामाच्या मागे दबा धरून असते, म्हणून त्याच्या चौथाईइतकी, म्हणजे सव्वा लाखाच्या आतली रक्कम आणखी बाजूला ठेवावी. उरतात सुमारे ४ लाख ४० हजार. ही घेणाऱ्याची वरची मर्यादा. कागदच नसतील तर हा हिशेब मांडूच नये. ती गाडी रस्त्यावर येऊ शकत नाही, तिची किंमत सुट्या भागांची. गाडी जर न रंगवलेली, न छेडलेली, धुळीत पण अखंड असेल, तर तिला दुरुस्त करून चकचकीत केलेल्या गाडीइतका नव्हे, कधी त्याहून जास्तही मान द्यावा. रंग हजार वेळा देता येतो. १९४४ चा रंग एकदाच लागला होता.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हलका नाही. शेतकऱ्याला जीप चालायला हवी असते, संग्रहालयात ठेवायला नव्हे. डिझेल परवडते म्हणून त्याने इंजिन बदलले, पत्रा गंजला म्हणून नवा ठोकला, यात गुन्हा कसला? गुन्हा काहीच नाही. त्या गाडीने पन्नास वर्षे काम केले ते अशाच फिटर-मेस्त्रींच्या जिवावर. शुद्धतेचा हट्ट धरणाऱ्या हौशी मंडळींना ज्या गाड्या आज सापडतात, त्या कोणीतरी अशुद्ध होऊ दिल्या म्हणूनच टिकल्या. प्रश्न दुरुस्तीचा नाही, दुरुस्ती लपवण्याचा आहे. बदललेले इंजिन उघड सांगून विकले तर तो प्रामाणिक व्यवहार; क्रमांक घासून नवा ठोकला तर ती फसवणूक, आणि इतिहासाच्या साधनातील खाडाखोडही.

परंतु फसवणूक एकाच बाजूने होत नाही, आणि तरुण इतिहासप्रेमींनी खरे तर इथे थांबायला हवे. शहरातला जाणकार गावात येतो. गोल नळी की ‘यू’ पट्टी हे त्याने वाकून पाहिलेले असते, बोल्टांवरचा ‘एफ’ मोबाईलच्या उजेडात वाचलेला असतो. मग तो सरळ उभा राहतो, चेहरा पाडतो आणि म्हणतो, “भंगारच आहे हो, काका. किलोच्या भावाने पाहा काय जमते ते.” हीच जीप काही महिन्यांनी ‘अस्सल युद्धकालीन’ म्हणून समाजमाध्यमांवर झळकते आणि तिच्या शोधाची सुरस कथा हजारोंना आवडते. कथेत मूळ मालक असतो, पण त्याला दिलेली रक्कम कधीच नसते. ज्ञान ज्याच्याकडे आहे त्याने त्याचा नफा घ्यावा, हे बाजाराला मान्य असेल. इतिहासाचा अभ्यास करतो असे म्हणणाऱ्याला ते शोभत नाही. गाडी काय आहे हे विकणाऱ्याला कळल्यानंतर ठरलेला भाव तोच रास्त भाव. मग तो कमी असो की जास्त.

पैठणीच्या बाबतीत हे घडून गेले आहे. जुन्या पैठण्यांची जर चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा दिलेली असे. वस्त्र विरले की व्यापारी ते धातूच्या वजनाने घेत, जाळत आणि राखेतून चांदी-सोने काढत. विकणाऱ्या घराला त्या दिवशी चार पैसे मिळाले, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण कितीतरी काठ, कितीतरी बुट्टे, रंगांच्या कितीतरी जुळण्या त्या राखेत गेल्या, आणि आज येवल्यातला विणकर जुनी नक्षी पुन्हा उतरवू पाहतो तेव्हा त्याला संग्रहालयांतल्या मोजक्या तुकड्यांवर भागवावे लागते. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. ते मिळाले तेव्हा जळायचे ते बरेचसे जळून गेले होते.

जीपांची भट्टी सध्या चालू आहे. केंद्राच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी संपली. संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेची विशेष वाहने तेवढी वगळली. बाकीची नोंदणीकृत भंगार केंद्रांकडे जायची आहेत. धूर आणि सुरक्षितता पाहता नियमामागचा हेतू योग्यच आहे. पण पाटबंधारे, कृषी, महसूल, आरोग्य या खात्यांच्या आवारांत मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या जीपांमध्ये एखादी सीजे-३बी असेलही. तिची लॉगबुके, म्हणजे कोणत्या तारखेला कोणत्या गावी गेली, किती पेट्रोल प्याली, कोण बसले होते याच्या नोंदी, कपाटात असतील तर तीही रद्दीत जातील. चेसिसवरच्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उठतो. आरटीओत हे काम रोज चालते. लॉगबुकाच्या पानांचे फोटो काढायला परवानगीचा एक अर्ज पुरतो. येवल्याच्या किंवा कोणत्याही तालुक्याच्या गावी एका दुपारी होण्याजोगे हे काम आहे, आणि ते लिलावाची तारीख लागण्याच्या आधी करावे लागते.